जुनी मानदुखी: ती का रेंगाळते आणि तिला कसे आवरावे

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या मानदुखीला जुनी मानदुखी म्हणतात. बडोद्यात गेली अनेक वर्षे मी फिजिओथेरपीचे काम करते. रावपुरा, वाडी, दांडिया बाजार या भागांतील मराठी घरांतून येणारे रुग्ण एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी टेबलावर ठेवतात आणि खुर्चीवर नीट बसण्यापूर्वीच सांगतात, "ताई, मणक्यात गॅप आलाय," किंवा "मला सर्व्हायकल झालंय." सर्व्हायकल या शब्दाचा अर्थ 'मानेचा' एवढाच आहे, ते कोणत्याही आजाराचे नाव नव्हे. तरीही तो शब्द एकदा कानावर पडला की माणूस आपली मान काचेची असल्यासारखी वागवू लागतो, आणि माझ्या अनुभवात दुखणे रेंगाळण्याचे सर्वांत मोठे कारण हे जपणेच असते.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकूंचे उदाहरण देते. त्या आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात पट्टा होता. त्याच्या वरच्या कडेला, हनुवटीखाली, घासून घासून काळपट रेघ उमटली होती, म्हणजे तो कित्येक महिने गळ्यातून उतरलेला नव्हता. मागून कोणी हाक मारली की त्या मान न वळवता कमरेपासून सगळ्याच वळत. मी त्यांचा पट्टा काढून बसल्या जागी मान उजवीकडे वळवायला सांगितली, तेव्हा ती जेमतेम एक तृतीयांश वळली आणि त्यांचा चेहरा आक्रसला. मग मी त्यांना उताणे निजवले, डोक्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवला आणि डोक्याचा सगळा भार टॉवेलवर सोडून नाक हळूहळू खिडकीकडे न्यायला सांगितले. त्यांची हनुवटी जवळजवळ खांद्याच्या रेषेपर्यंत पोहोचली. मणके तेच, सांधे तेच, अहवालातला 'गॅप'ही तोच होता. बदलला होता तो फक्त स्नायूंचा ताठरपणा, कारण डोके पेलण्याचे आणि मान राखण्याचे काम त्या क्षणी त्यांच्यावर नव्हते. सांधा खरोखरच जखडलेला असता तर तो केवळ निजल्याने सुटला नसता. ज्यांची मान अनेक महिने दुखते आहे त्यांनी हा प्रयोग घरी अवश्य करून पाहावा. निजल्यावर मान अधिक वळत असेल, तर तुमच्या दुखण्यात स्नायूंच्या आखडण्याचा वाटा मोठा आहे आणि तो कमी करता येतो.

मानेत नेमके काय होते

मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते आणि ते सात मणक्यांवर तोललेले असते. मान डावी-उजवीकडे वळते त्यातील जवळजवळ निम्मी हालचाल केवळ वरच्या दोन मणक्यांमध्ये होते. या मणक्यांना लगटून, घशाच्या मागे, लहान आणि खोलवरचे स्नायू असतात; दिवसभर मान सावरून धरण्याचे शांत काम त्यांचे. खांद्यापासून कवटीपर्यंत आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंनी जाणारे मोठे स्नायू जोर लावण्यासाठी असतात. मान दुखू लागली की खोलवरचे स्नायू कामातून अंग काढून घेतात आणि त्यांचे काम मोठ्या स्नायूंवर येऊन पडते. हे मोठे स्नायू दिवसभर ताणून राहण्यासाठी घडलेलेच नाहीत, म्हणून संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात आणि मानेच्या मुळाशी गाठी हाताला लागतात.

दुसरी गोष्ट मज्जासंस्थेची आहे. ज्या वाड्यात एकदा चोरी झाली तिथला राखणदार पुढे पानाच्या सळसळीनेही उठून बसतो. त्याचप्रमाणे दुखणे लांबले की मज्जासंस्था साध्या हालचालीलाही धोका समजून वेदनेची वर्दी देऊ लागते. अपुरी झोप, सततची काळजी, घरातील आजारपण किंवा कामाचा दबाव यांनी हा राखणदार अधिकच सावध होतो. याचा अर्थ वेदना मनाची आहे असा मुळीच नाही. वेदना पूर्णपणे खरी असते, मात्र ती नेहमी इजेच्या प्रमाणात नसते.

झिजेबद्दलची भीती कमी व्हावी म्हणून एक आकडा सांगते. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १२११ जणांच्या मानेचे एमआरआय काढण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील सुमारे ८८ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकती बाहेर फुगलेली दिसली. विशीतल्या तरुण-तरुणींमध्येही हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. तेव्हा अहवालातील 'डिस्क बल्ज' किंवा 'डिजनरेशन' हे शब्द बहुतेक वेळा केसांच्या पांढरेपणासारखेच वयाचे चिन्ह असतात. फोनकडे पाहताना मान ६० अंश वाकली की तिच्यावर २७ किलोंचा भार येतो, हे वाक्य आपण सर्वांनी वाचलेले असते. ते अमेरिकेतील शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या संगणकीय प्रतिमानातून आले आहे. भार वाढतो हे खरे, पण तेवढ्यावरून मान मोडायला आली असे ठरत नाही. पाच लिटर पाण्याची कळशी उचलताना मनगटावर भार येतो म्हणून आपण कळशी उचलणे सोडत नाही.

आधी डॉक्टरांकडे कोणी जावे

घरचे उपाय सुरू करण्याआधी पुढील गोष्टी स्वतःला प्रामाणिकपणे विचारून पाहाव्यात, आणि या बाबतीत मी कोणालाही थांबायचा सल्ला देणार नाही. पडल्यानंतर किंवा वाहनाच्या अपघातानंतर मान दुखू लागली असेल, ताप, रात्रीचा घाम किंवा कारणाशिवाय वजन घटणे यांपैकी काही असेल, पूर्वी कर्करोग किंवा क्षयरोग होऊन गेला असेल, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा आमवात असेल, तर प्रथम तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो, म्हणून रात्री झोपेतून उठवणारी आणि दिवसेंदिवस वाढत जाणारी वेदना दुर्लक्षित करू नये.

हाताची ताकद कमी होत जाणे, ब्लाउजचे हूक किंवा शर्टाचे बटण लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे, पाय जड वाटणे किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे ही मज्जारज्जूवर दाब येत असल्याची लक्षणे असू शकतात; अशा वेळी त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-मज्जातज्ज्ञ यांच्याकडे जावे. मानेत अचानक कधी न झालेली तीव्र कळ येऊन सोबत चक्कर, दुहेरी दिसणे, बोलताना जीभ जड होणे असे काही झाले, किंवा मान, जबडा आणि डावा हात एकदम दुखून छातीत दडपण व घाम आला, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. तापासोबत मान इतकी ताठली की हनुवटी छातीला लागत नाही आणि उजेड सहन होत नाही, तेव्हाही तेच करावे.

हाताला येणाऱ्या मुंग्यांबद्दल दोन शब्द. मुंग्या अंगठ्यात, मधल्या बोटात की करंगळीत येतात यावरून कोणत्या मज्जातंतूवर ताण आहे याचा अंदाज बांधता येतो, म्हणून डॉक्टरांना बोट दाखवून सांगावे. मात्र दोन्ही हातांना आणि पायांनाही मुंग्या येत असतील, तर दोष मानेकडे देण्याआधी रक्तातील साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणे फार सामान्य आहे, आणि मानेला शेक देत वर्ष घालवल्यावर खरे कारण तिथे सापडल्याचे मी पाहिले आहे.

दिवसभराच्या सवयी

ताठ बसा, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले गेले आहे. मला विचाराल तर कोणतीही एक बैठक योग्य नाही. तासन्‌तास ताठ बसलेली मान तासन्‌तास वाकलेल्या मानेइतकीच थकते. दर अर्ध्या तासाने बैठक बदलणे, उठून पाण्याचा ग्लास भरून आणणे, फोनवर बोलताना उभे राहणे एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. लॅपटॉपवर रोज तीन-चार तास काम असेल तर त्याच्याखाली चार जाड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी आणि टंकनासाठी स्वतंत्र कीबोर्ड घ्यावा. कोपर टेबलावर टेकलेले असावेत, कारण लोंबणाऱ्या हातांचे ओझे शेवटी मानेच्या मुळाशीच जाते.

बडोद्याच्या घरांत झोपाळा असतोच, आणि संध्याकाळी त्यावर बसून मांडीवर फोन घेऊन बातम्या वाचण्याची सवय माझ्या बऱ्याच रुग्णांना आहे. झोपाळा हलतो म्हणून डोके स्थिर ठेवण्यासाठी मानेच्या स्नायूंना सतत काम करावे लागते, आणि त्यात मान वाकलेलीही असते. झोपाळा सोडायची गरज नाही. मांडीवर दोन उशा ठेवाव्यात, त्यांवर कोपर टेकवावेत आणि फोन छातीच्या उंचीला धरावा. मेथी निवडणे, शेंगा सोलणे, तांदळातले खडे काढणे ही कामे परात जमिनीवर न ठेवता जेवणाच्या टेबलावर ठेवून करावीत.

उशीबद्दल लोक मला सर्वाधिक विचारतात, म्हणून ती जरा सविस्तर पाहू. कुशीवर झोपणाऱ्याला कान आणि खांद्याचे टोक यांमधली पोकळी भरून काढणारी उंची लागते. उताणे झोपणाऱ्याला त्याहून बरीच कमी. उंची ठरवण्यासाठी महाग उशी विकत घेण्याची आवश्यकता नाही. एक पातळ उशी घेऊन तिच्यावर घडी घातलेला टॉवेल ठेवावा, कुशीवर निजावे आणि घरातल्या कोणाला तरी मागून पाहायला सांगावे की नाक, हनुवटी आणि छातीचे हाड एका सरळ रेषेत येतात की नाही. डोके गादीकडे कलत असेल तर टॉवेलची एक घडी वाढवावी, छताकडे कलत असेल तर एक काढावी. ती उंची चार रात्री ठेवून सकाळी मान कशी उठते ते पाहावे आणि मगच उशी भरून घ्यावी. कापसाची जुनी उशी गोळे होऊन मध्ये बसते, तेव्हा कापूस पिंजून घेणे हा नव्या उशीइतकाच चांगला उपाय आहे. पालथे झोपण्याची सवय मात्र हळूहळू मोडावी, कारण त्यात मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते.

मानेला काम कसे द्यावे

येथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रा. माणिकरावांच्या आखाड्याचा, जुम्मादादा व्यायाम मंदिराचा वारसा सांगणाऱ्या शहरात व्यायामाची महती वेगळी सांगायला नको, तरी दुखऱ्या मानेला व्यायाम द्यायचा म्हटले की लोक कचरतात. डेन्मार्कमध्ये मान आणि खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात रबरी पट्टा ताणण्याचा व्यायाम एका गटाने दिवसाला फक्त दोन मिनिटे आणि दुसऱ्याने बारा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे केला. दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले. दिवसातली दोन मिनिटे कोणालाही काढता येतात.

पहिला व्यायाम निजून करायचा. उताणे निजावे, डोक्याखाली एक इंच जाडीचा टॉवेल ठेवावा, गुडघे दुमडावेत. डोके न उचलता, कोणाला न कळेल इतका छोटा होकार द्यावा, जणू हनुवटी किंचित गळ्याकडे सरकते आहे. दोन बोटे गळ्याच्या बाजूंना ठेवून पाहावे: दोरीसारखे उभे स्नायू कडक झाले तर जोर जास्त झाला, ते मऊ राहिले आणि आत खोलवर थोडे ओढल्यासारखे वाटले तर काम बरोबर जागी होत आहे. पाच सेकंद धरावे, श्वास चालू ठेवावा, सोडावे, असे दहा वेळा. काकूंना हा होकार साधायला चार दिवस लागले; पहिल्या तीन दिवसांत त्या दात आवळून, भुवया उंचावून, सगळ्या चेहऱ्याने होकार देत होत्या. व्यायाम इतका लहान आहे की तो करतो आहोत असे वाटतच नाही, आणि म्हणूनच तो सोडून देण्याचा मोह होतो. तो सोडू नये.

दुसरा व्यायाम बसून. खुर्चीत पाठ टेकवून मान दोन्ही बाजूंना प्रत्येकी दहा वेळा, जिथे ओढ जाणवू लागते तिथपर्यंतच, संथपणे वळवावी. मानेला गोल गोल फिरवण्याची गरज नाही. हे दिवसातून तीन-चार वेळा करावे. चहा उकळेपर्यंतचा वेळ त्याला पुरतो.

तिसरा व्यायाम ताकदीचा. उभे राहून दोन्ही हातांत पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या भरलेल्या बाटल्या घ्याव्यात, कोपर किंचित वाकवून हात दोन्ही बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत उचलावेत आणि सावकाश खाली आणावेत. खांदे कानांकडे चढू देऊ नयेत. सलग दोन मिनिटे जमत नसेल तर आठ वेळा करून थांबावे आणि दर दोन दिवसांनी एक आवर्तन वाढवावे. दोन मिनिटे सहज जमू लागली की एक लिटरची बाटली घ्यावी किंवा दुकानात मिळणारा रबरी पट्टा आणावा. वजन न वाढवता महिनोन्‌महिने तेच करत राहणाऱ्यांची प्रगती अडते.

तीन आठवड्यांनंतर चौथा व्यायाम जोडावा. तळहात कपाळावर ठेवून डोक्याने पुढे आणि हाताने मागे असा एकमेकांविरुद्ध हलका जोर द्यावा, डोके जागचे हलू देऊ नये. पूर्ण ताकदीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक जोर नको. पाच सेकंद, पाच वेळा. मग हेच डोक्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना करावे. रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखू नये.

व्यायाम करताना थोडे दुखेल. शून्य ते दहा अशा मापात तीन-चारपर्यंतचे दुखणे, जे दुसऱ्या सकाळपर्यंत निवते, ते चालते. दुखणे मानेतून दंडाकडे किंवा बोटांकडे उतरू लागले, अथवा मुंग्या वाढल्या, तर तो व्यायाम थांबवून तज्ज्ञांना दाखवावे. फरक जाणवायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. याच्या जोडीला कमाटीबागेत किंवा आपल्या सोसायटीत रोज अर्धा तास भरभर चालावे. त्याने झोप सुधारते, आणि चांगली झोपलेली मज्जासंस्था कमी कुरकुर करते.

शेक, गोळ्या, पट्टा आणि मालिश

गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पंधरा-वीस मिनिटे घ्यावा आणि लगेच, स्नायू सैल असतानाच, वरील व्यायाम करावेत. मधुमेह्यांनी पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळावी, कारण चटका कळत नाही. महानारायण तेल असो वा डायक्लोफेनॅकचे मलम, त्याने काही तासांचा आराम मिळतो आणि तो घेण्यात गैर काही नाही. वेदनाशामक गोळ्या मात्र औषधाच्या दुकानातून परस्पर आणून आठवडेच्या आठवडे घेऊ नयेत; त्यांनी आम्लपित्त, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे त्रास होतात. पट्टा अस्थिभंगानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तसा वापरावा. एरवी फार तर दोन-चार दिवस, आणि तोही प्रवासापुरता. काकूंचा पट्टा आम्ही एकदम काढला नाही. पहिल्या आठवड्यात सकाळचे दोन तास काढून ठेवायचा, मग जेवणापर्यंत काढून ठेवायचा, मग फक्त रिक्षात घालायचा, अशा रीतीने तो पाच आठवड्यांत सुटला.

केशकर्तनालयात चंपी झाल्यावर डोके धरून मान कडकन मोडून देण्याची पद्धत आहे. ती कृपया करू देऊ नका. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर जाऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. हे क्वचित घडते, पण क्षणभराच्या मोकळेपणासाठी एवढी जोखीम घेण्यासारखी नाही.

दुखणे पुन्हा उसळले तर

ते उसळतेच, आणि त्यामुळे केलेले सगळे वाया गेले असे समजू नये. आमच्याकडे त्याची तारीखही ठरलेली असते. १४ जानेवारीच्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, आणि १५ च्या वासी (दुसऱ्या दिवशीच्या) उत्तरायणाला सगळे शहर सकाळपासून अगाशीवर, म्हणजे गच्चीवर असते, मान मागे टाकून आणि एका बाजूला वळवून आकाशाकडे लागलेले. मागे वाकणे आणि वळणे एकत्र झाले की मानेच्या मागच्या सांध्यांवर सर्वाधिक दाब येतो. १६ तारखेला मान धरलेल्यांची माझ्याकडे रांग लागते. ज्यांची मान जुनी दुखरी आहे त्यांनी पतंग उडवणे टाळू नये. डिसेंबरच्या मध्यापासून रोज मान मागे नेण्याचा सराव सुरू करावा, पहिल्या दिवशी पाच वेळा आणि पुढे वाढवत पंधरा वेळा. उत्तरायणाच्या दिवशी उंच पाठीची खुर्ची अगाशीवर न्यावी आणि तिच्यात रेलून, मान टेकवून पेच पाहावेत. दर वीस मिनिटांनी पतंग दुसऱ्याच्या हाती देऊन आपण फिरकी धरावी, म्हणजे नजर खाली येते.

तरीही मान धरली तर दोन दिवस बाटल्यांचा व्यायाम बंद ठेवावा, शेक वाढवावा, आणि निजून द्यायचा छोटा होकार मात्र चालू ठेवावा. तिसऱ्या दिवशी अर्ध्या आवर्तनांपासून पुन्हा सुरुवात करावी. दहा दिवसांत पूर्वीच्या जागी येता आले नाही, तर तपासणीसाठी यावे आणि येताना जुना एमआरआय आणला नाही तरी चालेल. कोणती हालचाल कोणत्या दिवशी अडली हे एका कागदावर लिहून आणावे.